सांडा : वाळवंटातील एक बिलेशय आणि आपले कर्तव्य

प्रवरेकाठचे कोल्हार हे नगर-मनमाड मार्गावरील वर्दळीचे गाव. भगवतीमातेच्या दर्शनास आणि पुढे शिर्डीस जाणाऱ्या भाविकांची येथे सतत ये-जा असते. अशा गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्यांस आणि औषधालयधारकांस एक प्रश्न अधूनमधून ऐकावा लागतो : "सांड्याचे तेल मिळेल का?" गुडघेदुखीपासून पुरुषत्वापर्यंत सर्व तक्रारींवर रामबाण म्हणून रस्त्याच्या कडेला विकल्या जाणाऱ्या या द्रव्याची कीर्ती मोठी, परंतु ते ज्या प्राण्यापासून निघते त्याची ओळख फारच थोड्यांना आहे. म्हणून प्रस्तुत लेखात त्या प्राण्याचाच परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

सांडा आपल्या प्रवरा खोऱ्यातील नव्हे. राजस्थानातील थरचे वाळवंट, कच्छ आणि पाकिस्तानचा लगतचा शुष्क भाग हे त्याचे घर. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८२७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आज तो 'सारा हार्डविकी' या नावाने ओळखला जातो. लांबी साधारण हातभर, डोके गोलसर, अंग मातकट आणि शेपटीवर काटेरी खवल्यांची वलये असे त्याचे रूप आहे. सकाळी थंडीने काळपट दिसणारे अंग ऊन खाल्ल्यावर पिवळसर होते.

सरपटणाऱ्या प्राण्यांत विरळा असा त्याचा विशेष म्हणजे शाकाहार. पाने, फुले, फळे व गवत यांवर तो निर्वाह करतो. पिले मात्र कीटकही खातात. घट्ट, सपाट जमिनीत प्रत्येक सांडा स्वतःचे वळणावळणाचे तिरपे बीळ खोदतो. उन्हाळ्यात भर दुपारी तो बिळात शिरतो, तर रात्री बिळाचे तोंड आतून मातीने बंद करून घेतो. शत्रू आला की डोके आत घालून काटेरी शेपटीने तो वाट अडवितो. हिवाळाभर तो बिळातच निद्रिस्त असतो. त्या उपवासासाठी पावसाळ्यानंतर अंगात, विशेषतः शेपटीच्या मुळाशी, तो चरबी साठवितो. गरुड, ससाणे आणि खोकड यांचे तो महत्त्वाचे भक्ष्य असल्याने त्याची वस्ती उजाड झाली की त्यांचीही उपासमार होते.

हीच साठविलेली चरबी त्याच्या जिवावर उठली आहे. पकडलेला सांडा पळू नये म्हणून त्याचा कणा मोडतात आणि त्याच्या अंगातील चरबी वितळवून 'तेल' काढतात.

येथे शास्त्राचा विचार करणे अगत्याचे आहे. चरकाचार्यांनी घृत, तैल, वसा आणि मज्जा असे चार स्नेह सांगितले आहेत. त्या परिभाषेत हे द्रव्य तैल नव्हे, वसा होय. बिलेशय वर्गात 'गोधा' येते, परंतु गोधा म्हणजे सामान्यतः घोरपड समजली जाते; तिचे गुण सांड्यास चिकटविणे युक्त नाही. रस्त्यावरील बाटलीत नेमके काय आहे, हे तर विक्रेताच जाणे. वातव्याधीत नारायण तैल, बला तैल, सहचर तैल असे सिद्ध योग हाताशी असताना अशा अज्ञात द्रव्याची आपणांस गरज काय?

कायदाही स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार सांडा संरक्षित असून त्यास पकडणे, मारणे व त्याच्या चरबीचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या सूचीत तो 'असुरक्षित' गणला जातो. शिवाय लैंगिक शक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींस १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय अधिनियमाने प्रतिबंध केला आहे.

काही बाटल्यांत केवळ वनस्पतिजन्य तेल असते, पण वेष्टनावर 'सांडा' हे नाव व चित्र झळकते. अशा मालाने प्राणी मरत नसला तरी नावाची मागणी टिकून राहते आणि त्या मागणीवरच शिकारी जगतो. सबब औषधालयधारकांनी असा माल फळीवर ठेवू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. आणि रुग्णाने विचारल्यास वैद्यबंधूंनी त्यास न हसता, न रागावता, दुखण्याचे मूळ तपासून योग्य स्नेहन-स्वेदन सुचवावे. संकोचाने तेल मागणाऱ्याचे खरे दुखणे बहुधा मधुमेह, चिंता वा व्यसन यांत दडलेले असते. ते ओळखून उपचार केल्यास रुग्णाचे हित साधेल आणि दूरच्या वाळवंटातील एक निरुपद्रवी जीवही आपल्या बिळात सुखाने हिवाळा काढील.