जूनमधला गारवा, जुलैमधले बिल

मे महिना सरता सरता आपल्याकडे दोन गोष्टी होतात. नूअर्क विमानतळावर भारतातून आई-वडील उतरतात आणि घराघरांतले एअरकंडिशनर घरघरू लागतात. जुलैच्या मध्याला विजेचे बिल येते, आणि मग शनिवारच्या जेवणात, देवळाच्या पार्किंग लॉटमध्ये, मराठी शाळेच्या दाराबाहेर एकच प्रश्न ऐकू येतो: "तुमचे किती आले?" आकडा ऐकून कुणी सुस्कारा सोडतो, कुणी मनातल्या मनात खूष होतो. पण बिल एवढे का आले, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी दराचे बघू. पार्सिपनीत आपल्यापैकी बहुतेकांना वीज पुरवते ती जर्सी सेंट्रल पॉवर अँड लाइट. 1 जून 2025 पासून या कंपनीच्या सर्वसाधारण घरगुती ग्राहकाचे बिल सुमारे 20 टक्क्यांनी वाढले. राज्यातल्या चार मोठ्या वीज कंपन्यांत ही वाढ सर्वांत जास्त. बाकीच्या तिघींची 17-18 टक्क्यांच्या आसपास होती. पुष्कळांनी कंपनीच्या नावाने बोटे मोडली. राग साहजिक होता, पण तो थोडा चुकीच्या पत्त्यावर गेला. 1999 च्या कायद्याने न्यू जर्सीत वीज तयार करणे आणि ती घरापर्यंत पोचवणे हे दोन धंदे वेगळे झाले. आपली कंपनी खांब, तारा आणि मीटर सांभाळते. वीज ती आपल्यासाठी लिलावात विकत घेते. हा लिलाव दर फेब्रुवारीत राज्याच्या बोर्ड ऑफ पब्लिक युटिलिटीजच्या देखरेखीखाली होतो आणि नवे दर जूनपासून लागू होतात. घरगुती ग्राहकांची साधारण एक तृतीयांश गरज दरवर्षी तीन वर्षांसाठी घेतली जाते. त्यामुळे एखाद्या वर्षीचा भडका एकदम अंगावर येत नाही. पण एकदा चढलेला दर उतरायलाही वेळ लागतो.

हा भडका उडाला कशाने? आपली वीज पीजेएम नावाच्या जाळ्यातून येते. तेरा राज्ये आणि वॉशिंग्टन डी.सी. यांना ते जोडते. लग्नघरी पंगत दुपारी असली तरी आचारी महिनाभर आधी बांधून ठेवावा लागतो आणि त्याला विसार द्यावा लागतो. तसाच विसार पीजेएम वीज केंद्रांना देते: उन्हाळ्यातल्या सर्वांत तापलेल्या दुपारी तुम्ही हजर राहायचे, एवढ्यासाठी. 2024-25 या वर्षासाठी हा दर एका मेगावॅटला दिवसाला 28.92 डॉलर होता. जुलै 2024 च्या लिलावात पुढच्या वर्षासाठी तो 269.92 डॉलर झाला, म्हणजे नऊपटीहून अधिक. त्यानंतरच्या, जुलै 2025 च्या लिलावात तो 329.17 डॉलरवर गेला, आणि तोही वरची मर्यादा ठरवून दिलेली होती म्हणून तेवढ्यावर थांबला. संगणकांची प्रचंड डेटा सेंटर्स विजेची मागणी वाढवत आहेत, जुनी केंद्रे बंद होत आहेत आणि नवी केंद्रे जाळ्याला जोडून घेण्यासाठी रांगेत उभी आहेत. पंगती वाढल्या आणि आचारी कमी झाले, असा हा सरळ हिशेब आहे. आपल्यातले बरेच जण ज्या व्यवसायात पोट भरतात, त्याच व्यवसायाची ही भूक आहे, हेही जाता जाता लक्षात घेतलेले बरे.

विजेच्या इतिहासात आपल्या गावाचे नाव एकदा मोठ्या अक्षरांत आले होते, हे नव्या मंडळींना ठाऊक नसेल. मार्च 1979 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात अपघात झाला. ते केंद्र ज्या जनरल पब्लिक युटिलिटीज या मूळ कंपनीच्या समूहाचे होते, तिचा कारभार पार्सिपनीतून चाले. जर्सी सेंट्रलचा त्या केंद्रात पाव हिस्सा होता. पुढे 2001 मध्ये हा सगळा समूह ओहायोच्या फर्स्टएनर्जीत विलीन झाला.

दर आपल्या हातात नाही. युनिट आहेत. इथे बिलावर किलोवॅट-तास लिहितात, ते म्हणजे आपले महावितरणचे युनिटच. आणि आपल्याकडे जसे शंभराच्या वर गेले की स्लॅब बदलतो, तसे इथेही आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जर्सी सेंट्रलच्या साध्या घरगुती दरात महिन्याला पहिली 600 युनिट स्वस्त आणि त्यापुढची महाग पडतात. वाचवलेले युनिट नेहमी या वरच्या, महाग ढिगातून कमी होते. म्हणून उन्हाळ्यातली बचत हिवाळ्यातल्या बचतीपेक्षा जास्त मोलाची.

हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला 20 सेंट धरू. तीन टनांचा सेंट्रल एअरकंडिशनर चालू असताना साधारण 3 किलोवॅट घेतो. दिवसात त्याचे यंत्र एकूण आठ तास फिरले तर 24 युनिट, म्हणजे 4 डॉलर 80 सेंट. महिन्याला 144 डॉलर. खिडकीतला लहान, 5000 बीटीयूचा, अर्धा किलोवॅट घेतो. रात्री दहा तास लावला तर रोज एक डॉलर. पंखा 60 वॅट. तेवढेच दहा तास फिरला तर बारा सेंट. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले की निम्मा लेख इथेच संपतो. रात्री चौघे जण दोन खोल्यांत झोपतात, मग तळघरापासून माळ्यापर्यंत सगळे घर थंड कशासाठी करायचे? सेंट्रलचा थर्मोस्टॅट चढवून ठेवावा आणि झोपण्याच्या खोल्यांत लहान यंत्र लावावे. इथल्या घरांत छताला पंखा नसतो, ही आपल्या आई-वडिलांची पहिली तक्रार असते आणि ती अगदी रास्त आहे. पंखा बसवून घ्या. पण रिकाम्या खोलीत तो फिरवत ठेवू नका. पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही.

थर्मोस्टॅटबद्दल दोन गैरसमज फार घट्ट आहेत. एक, काटा 65 वर नेला की घर लवकर थंड होते. होत नाही; यंत्र त्याच गतीने चालते, फक्त थांबायचे विसरते. दुसरा, कामावर जाताना बंद केला तर संध्याकाळी दुप्पट वीज खातो. हेही खरे नाही. दिवसभर घर तापू दिले आणि संध्याकाळी निववले तरी एकूण वीज कमीच लागते. घरात कुणी नसेल तर काटा सात-आठ अंश वर सरकवून बाहेर पडावे. भारत सरकारने 1 जानेवारी 2020 पासून तारांकित खोली-एअरकंडिशनर 24 सेल्सियसवरच सुरू होतील असा नियम केला आहे, आणि एक अंश चढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते असे तिथला ऊर्जा विभाग सांगतो. 24 म्हणजे आपले 75. इथे सरकारी पत्रकांत 78 चा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला. पंखा असेल तर 78 सहज निभावते.

आता नागपूर-अकोल्याकडच्या मंडळींचा दरवर्षीचा प्रश्न: इथे कूलर का नाही मिळत? वाळ्याचे पडदे लावून, पाणी शिंपडून बाहेरचे 45 अंश आत 30 वर आणणारा तो पत्र्याचा डबा इथे का चालत नाही? कारण विदर्भातली एप्रिल-मेची हवा कोरडी असते. तिथे पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना उष्णता शोषली जाते. न्यू जर्सीचा जुलै पुण्या-नागपूरचा नाही, तो मुंबईचा आहे. हवेत आधीच भरपूर बाष्प असते, त्यात कूलर लावला तर नुसता दमटपणा वाढेल. इथे एअरकंडिशनरची बरीच मेहनत हवेतले पाणी काढण्यातच जाते.

हे एकदा समजले की स्वयंपाकघराकडे वेगळ्या नजरेने बघता येते. इडलीची वाफ, भाताचा कुकर, डाळीचा कुकर आणि त्यांच्या शिट्ट्या: हे सगळे पाणी आपण हवेत सोडतो आणि मग पैसे देऊन बाहेर काढतो. चुलीवरचा एक्झॉस्ट पंखा हवा खरोखर घराबाहेर टाकतो की गाळून परत तोंडावर सोडतो, हे आधी तपासा. अपार्टमेंटांत बहुधा दुसराच प्रकार असतो. कुकर सकाळी सातच्या आत लावावा. तळण असेल तर विजेची शेगडी डेकवर नेऊन तिथेच करावे; सासूबाईंनाही मोकळी हवा मिळते आणि कढईचा वास पडद्यांत बसत नाही. कपडे घरात दोरीवर वाळत घातले तर ड्रायरची वीज वाचते, साधारण तीन युनिट एका घाण्याला, पण कपड्यांतले पाणी खोलीतच राहते आणि त्याचा भार एअरकंडिशनरवर पडतो. बाहेर वाळत घालणे उत्तम. बऱ्याच कॉम्प्लेक्समध्ये बाल्कनीच्या कठड्यावर कपडे घालायला मनाई असते. कठड्याच्या आत, खाली घडीचा स्टँड ठेवता येतो का ते ऑफिसात विचारून घ्यावे. तळघरात डीह्युमिडिफायर चालूच असेल तर कपडे तिथे वाळत घालावे, एका विजेत दोन कामे होतात.

डीह्युमिडिफायरचे नाव निघालेच आहे तर सांगतो. पार्सिपनीत तळघर म्हटले की ओल आली आणि ओल म्हटली की हे यंत्र आले. ते अर्धा किलोवॅट घेते आणि मे ते सप्टेंबर रात्रंदिवस चालते. अखंड चालले तर दिवसाला 12 युनिट, महिन्याला 72 डॉलर! बऱ्याच घरी काटा 35 टक्क्यांवर असतो. 50 वर ठेवला तरी बुरशी धरत नाही आणि यंत्र मधूनमधून विश्रांती घेते. त्याच तळघरात किंवा गॅरेजमध्ये जुना फ्रिजही असतो, "पार्टीला लागतो" म्हणून. नव्वदच्या दशकातला असेल तर वर्षाला हजाराच्या आसपास युनिट खातो. दोनशे डॉलर. तेवढ्यात पार्टीचा बर्फ कितीतरी वर्षे विकत आणता येईल.

घरांचेही बघायला हवे. लेक पार्सिपनीची वसाहत 1930 च्या दशकात न्यूयॉर्कच्या डेली मिरर या वृत्तपत्राने वाचकांना उन्हाळी बंगल्यांसाठी तुकडे विकून वसवली. लेक हियावाथाचीही सुरुवात सुट्टीतल्या घरांचीच. जून ते ऑगस्ट राहायचे, खिडक्या उघड्या टाकायच्या, तळ्यात डुंबायचे, एवढाच बेत. पुढे हीच घरे बारमाही झाली. त्यातल्या कित्येकांच्या भिंतीत आणि माळ्यावर भरण फार कमी आहे. असे घर घेतले असेल तर नवा एअरकंडिशनर घेण्याआधी दुपारी तीनला माळ्यावर डोके घालून बघा. अंगावर भट्टीसारखी झळ आली तर पैसा आधी तिथल्या भरणावर घालावा. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली, निदान आतून जाड पडदा, हा वाड्यातल्या आजीचा उपाय इथेही लागू पडतो.

दारावर येणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. 1999 च्या त्याच कायद्याने दुसऱ्या पुरवठादाराकडून वीज घेण्याची मुभा दिली. त्यात गैर काही नाही. पण गळ्यात बिल्ला अडकवून, "तुमचे बिल दाखवा, सवलत बसते का बघतो" म्हणणाऱ्याला बिल दाखवू नका. त्यावरचा खाते क्रमांक हातात पडला की पुरवठादार बदलण्याचे निम्मे काम झाले. बिलावर प्राइस टु कम्पेअर म्हणून आकडा असतो. पुढचा माणूस त्याहून कमी दर किती महिन्यांसाठी लेखी देतो आणि त्यानंतर काय, हे दोनच प्रश्न विचारा. जानेवारी 2014 च्या कडाक्याच्या थंडीत बदलत्या दराचे करार केलेल्या अनेकांची बिले एका महिन्यात दुपटीवर गेली होती. सोलरवाल्यांचेही तसेच: स्वतः विकत घेऊन घरावर बसवलेल्या सोलरवरची 30 टक्क्यांची केंद्रीय करसवलत 31 डिसेंबर 2025 ला संपली. अजून तीच सांगत कुणी आला तर चहा न देता पाठवावे.

बिल दर महिन्याला सारखे यावे म्हणून कंपनीची समान हप्त्यांची योजना असते. तिने खर्च कमी होत नाही, फक्त पसरतो. ज्यांना खरोखर ओढाताण होते त्यांच्यासाठी लाइहीप आणि युनिव्हर्सल सर्व्हिस फंड या राज्यातल्या योजना आहेत, आणि इथे कायम राहणाऱ्या, पात्र ज्येष्ठांना लाइफलाइनमधून वर्षाला 225 डॉलर मिळतात. नोकरी गेलेली कुटुंबे आपल्यातही आहेत. अर्ज करण्यात कमीपणा मानू नये.

आणि शेवटी, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. मुले ऑफिसला गेली की आई-वडील उठून एअरकंडिशनर बंद करतात. "दोघांसाठी कशाला एवढी वीज जाळायची?" जन्मभर काटकसरीने संसार केलेली माणसे आहेत ती. संध्याकाळी सून आली की तिच्या आधी पाच मिनिटे पुन्हा चालू करतात, त्यामुळे कुणाला पत्ताही लागत नाही. जुलै 1995 मध्ये शिकागोत उष्म्याच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे गेली. त्यांत एकटी राहणारी, बंद खिडक्यांआड बसलेली म्हातारी माणसे फार होती. "आम्ही सोलापूरचे, आम्हाला ऊन नवे नाही" हे खरे. पण सोलापूरच्या घराला जाड भिंती, अंगण आणि शेजार असतो, इथे लाकडी घर आणि बंद काचा असतात. त्यातून रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी आधीच कमी होते, तहान लागत नाही आणि चक्कर येईपर्यंत काही कळत नाही. घरातली हवा 95 अंशांवर गेली की नुसता पंखा उपयोगाचा नाही, तो गरम वाराच अंगावर मारतो. नूअर्कला 22 जुलै 2011 रोजी 108 अंश तापमान नोंदले गेले आहे.

दुपारी त्यांना हॅल्सी रोडच्या लायब्ररीत किंवा लेक हियावाथाच्या शाखेत सोडता आले तर घरची वीजही वाचते आणि दोन माणसे भेटतात. ते जमत नसेल तर थर्मोस्टॅटशेजारी चिठ्ठी चिकटवावी: "दिवसभर 78. बंद करू नये. रोजचा खर्च दोन-तीन डॉलर." खर्चाचा आकडा जरूर लिहावा, त्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही. आणि 78 च्या पुढे साडेपंचवीस सेल्सियस असेही लिहावे.