शब्द पाळणारी फाइल

लिनक्सच्या टर्मिनलवर 'एलएस' ही दोन अक्षरं टाइप करून एंटर मारला की फोल्डरमधल्या फायलींची यादी समोर येते. हा प्रोग्राम जेमतेम शे-दीडशे किलोबाइटचा, आणि खरं तर अर्धवट. पडद्यावर अक्षरं पाठवणं, मेमरी मागून घेणं, नावांचा क्रम कोणत्या लिपीच्या नियमाने लावायचा ते ठरवणं, यातलं बरंचसं त्याला स्वतःला येतच नाही. ते येतं दुसऱ्या फायलींना, म्हणजे शेअर्ड लायब्रऱ्यांना. एलएसच्या पोटात नुसती त्यांची नावं लिहून ठेवलेली असतात.

ती नावं पाहायला 'एलडीडी' ही कमांड आहे. उबुंटूवर तिला एलएसबद्दल विचारलं की मोजक्या चार-पाच ओळी येतात. त्यांतली एक 'लिबसी.एसओ.6'ची. ही सी भाषेची पायाभूत लायब्ररी, ग्लिबसी. मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम तिच्यावर टेकलेला असतो. आणखी एक ओळ 'एलडी-लिनक्स'ची. हा डायनॅमिक लिंकर. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, एलएसची फाइल उघडतो तेव्हा तिच्यात त्याला या लिंकरचा पत्ता सापडतो. कर्नल त्यालाही मेमरीत आणतो आणि सूत्रं आधी त्याच्याच हाती देतो. लिंकर यादी वाचतो, लायब्रऱ्या शोधतो, मागितलेल्या फंक्शनांना खरे पत्ते जोडून देतो, आणि मगच एलएसचं स्वतःचं काम सुरू होतं. हे सगळं एंटरवरून बोट उचलायच्या आत. 'लिनक्स-व्हीडीएसओ' या ओळीपुढे तर फाइलचा मार्गच दिसत नाही, कारण ही लायब्ररी डिस्कवर नाहीच. किती वाजले हे विचारायला प्रोग्रामने दरवेळी कर्नलचं दार ठोठावू नये म्हणून कर्नल ती पदरची लायब्ररी प्रत्येक प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, मेमरीत ठेवून देतो.

साध्या लॅपटॉपवरही एका वेळी दोन-तीनशे प्रोसेस सहज चालू असतात, आणि बहुतेकींना ग्लिबसी हवी असते. तरीही रॅममध्ये तिच्या कोडची प्रत एकच. प्रत्येक प्रोसेसला ती वेगळ्या पत्त्यावर दिसते, सुरक्षेसाठी हे पत्ते मुद्दाम दरवेळी बदलतात, पण त्या सगळ्या पत्त्यांमागची मेमरी तीच.

सगळ्यांचं एकच असलं की त्यात केलेला बदलही सगळ्यांना भोवतो. 2010 च्या शेवटी फेडोरा 14 हे लिनक्सचं वितरण वापरणाऱ्यांच्या हे लक्षात आलं. ब्राउझरमध्ये 64-बिट फ्लॅश प्लेअरवर गाणी लावली की आवाज विचित्र, फाटल्यासारखा येऊ लागला. फ्लॅश तेच होतं. बदललं होतं ग्लिबसीतलं 'मेमकॉपी' नावाचं एक फंक्शन, ज्याचं काम एवढंच: मेमरीतला मजकूर इथून उचलून तिथे ठेवणं.

पाच खण घ्या. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत अ, ब, क, ड ही अक्षरं आहेत आणि ती एकेक खण डावीकडे सरकवायची आहेत. डावीकडून सुरुवात केली तर अ पहिल्यात जातो, ब दुसऱ्यात, क तिसऱ्यात, ड चौथ्यात. सगळं जागच्या जागी. आता तेच काम उजवीकडून करा. ड चौथ्या खणात जातो आणि तिथला क पुसला जातो. मग चौथ्यातलं अक्षर तिसऱ्यात न्यायचं. ते आता ड आहे. शेवटी हाती उरतं ड, ड, ड, ड. सीच्या नियमात स्पष्ट म्हटलंय की उचलायची आणि ठेवायची जागा एकमेकींवर येत असेल तर मेमकॉपी वापरू नका. त्यासाठी 'मेममूव्ह' हे वेगळं फंक्शन आहे. फ्लॅशने तो नियम मोडला होता, पण जुनं मेमकॉपी डावीकडून उजवीकडे जायचं म्हणून वर्षानुवर्षं निभावून गेलं. नव्या इंटेल प्रोसेसरांवर उलट दिशेने नक्कल करणं वेगवान ठरतं म्हणून ग्लिबसीकारांनी दिशा बदलली, आणि गाण्यांचं ड-ड-ड-ड झालं.

वाद पेटला. ग्लिबसीची बाजू नियमाची होती. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स स्वतः त्यात उतरले आणि उलट बाजूने भांडले: वापरणाऱ्याचा चालता प्रोग्राम बंद पडत असेल तर नियमाचं पुस्तक दाखवून काय उपयोग? मला त्यांचं म्हणणं पटतं. पण त्याहून मोलाचं वाटतं ते 2011 मध्ये ग्लिबसी 2.14 मध्ये निघालेलं उत्तर. त्या लायब्ररीत आता मेमकॉपी नावाची दोन फंक्शनं आहेत, शेजारी शेजारी. एकावर 2.2.5 अशी चिठ्ठी आहे, दुसऱ्यावर 2.14. जुन्या प्रोग्रामांनी त्यांच्या जन्माच्या वेळी पहिल्या चिठ्ठीचं फंक्शन मागितलेलं असतं. त्यांना ते मिळतं, आणि तेही आता आतून सुरक्षित मेममूव्हच आहे. नव्यांना दुसरं. नाव एक, फाइल एक, आणि प्रत्येकाला आपल्या काळातलं फंक्शन. चिठ्ठ्यांच्या या पद्धतीमुळेच लिबसीच्या नावातला 6 हा आकडा 1997 पासून बदललेला नाही.

या व्यवस्थेची दिशा मात्र एकच. जुना प्रोग्राम नव्या मशीनवर चालतो. नव्या मशीनवर बांधलेला प्रोग्राम जुन्यावर नेला की लिंकर 'ही आवृत्ती सापडली नाही' म्हणून थांबतो. त्या प्रोग्रामने 2.14 च्या मेमकॉपीशिवाय काहीही नवं वापरलेलं नसलं, तरीसुद्धा.

म्हणून सॉफ्टवेअरचं पॅकेज बांधणारे लोक एक गोष्ट करतात जी पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते: ते मुद्दाम जुन्या सिस्टीमवर बांधतात. पायथनच्या जगात 2016 मध्ये 'मेनीलिनक्स' हा संकेत ठरला तेव्हा पाया म्हणून निवडली गेली 2007 मधली सेंटओएस 5 ही लिनक्स सिस्टीम. कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनवरच वेगळ्या राखलेल्या कप्प्यात, ती जुनी सिस्टीम उभी करायची, तिच्यात कोड बांधायचा, म्हणजे मागण्यांच्या चिठ्ठ्या आपोआप जुन्या पडतात. ज्या लायब्रऱ्यांवर भरवसा ठेवता येत नाही त्यांच्या प्रती पॅकेजमध्येच भरायच्या. ग्लिबसी मात्र वापरणाऱ्याच्या मशीनवरचीच घ्यायची.

प्रती भरण्याची किंमत असते. मराठीतलं 'दुसऱ्या' पाहा. त्यातला र आधी येतो की नंतर, य ला तो कसा चिकटतो, हे ठरवण्याचं काम लिनक्सवर बहुतेक ठिकाणी हार्फबझ ही लायब्ररी फॉन्टच्या मदतीने करते. डेबियनसारख्या वितरणात हार्फबझमधली एक चूक दुरुस्त झाली की तिच्यावर टेकलेले सगळे प्रोग्राम मराठी एकदम नीट दाखवू लागतात. ज्याने स्वतःची प्रत सोबत बाळगली आहे तो मागे राहतो, त्याचा कर्ता जागा होईपर्यंत. एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतलं 'हार्टब्लीड' हे भगदाड उघड झालं तेव्हा सामायिक प्रतीच्या याच गुणाने असंख्य सर्व्हर वाचवले: एक पॅकेज बदललं की वेबसर्व्हर, मेलसर्व्हर सगळे दुरुस्त. अट एवढीच की ते पुन्हा सुरू करायला हवेत. चालू प्रोसेस जुनी फाइल धरून ठेवते. डिस्कवरून ती पुसली गेली तरी प्रोसेसच्या नकाशात तिच्या नावापुढे 'डिलीटेड' असा शेरा घेऊन ती जिवंत असते.

सामायिक लायब्ररी आणि सोबतची प्रत, या दोन्ही बाजूंचं सांभाळायचा सगळ्यात धाडसी प्रयत्न मला खेळांच्या जगात दिसतो. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या खेळांच्या दुकानावर लिनक्सचे खेळ एका ठरावीक रनटाइममध्ये, म्हणजे लायब्रऱ्यांच्या तयार संचात, चालतात. त्यातला 'स्नायपर' हा डेबियन 11 वर उभा आहे. म्हणजे खेळ बनवणाऱ्याला एकच, न हलणारी सिस्टीम दिसते. पण ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर रनटाइममध्ये भरून ठेवता येत नाही. तो त्या मशीनवरच्या कार्डाशी आणि कर्नलशी जुळणाराच लागतो. आणि तुमच्या ताज्या मशीनवरच्या ड्रायव्हरला हवी असते ताजी ग्लिबसी, जी डेबियन 11 मध्ये नाही. एकाच प्रोसेसमध्ये 2021 च्या जगातला खेळ आणि आजचा ड्रायव्हर, आणि दोघांना मिळून ग्लिबसी मात्र एकच मिळू शकते. यासाठी स्टीमचं 'प्रेशर-व्हेसल' हे साधन खेळ सुरू होण्याआधी बाहेरचे ड्रायव्हर कंटेनरमध्ये आणतं, आतली आणि बाहेरची ग्लिबसी ताडून पाहतं, आणि बाहेरची नवी असेल तर तीच आत बसवतं. खेळाला याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याने मागितलेलं प्रत्येक जुनं फंक्शन त्या नव्या फाइलमध्ये आपल्या जुन्या चिठ्ठीसकट हजर असतं.