घामोळे

उष्ण व दमट हवेत घर्मग्रंथींच्या (घाम स्रवणाऱ्या ग्रंथींच्या) नलिका तुंबल्यामुळे त्वचेवर उठणाऱ्या बारीक, कंडयुक्त पुरळाला घामोळे म्हणतात. या विकारात तापमानाइतकेच हवेच्या आर्द्रतेला महत्त्व असते. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात घाम लगेच वाळतो. कोकण किनाऱ्यावर तापमान त्याहून कमी असूनही तो अंगावर साचून राहतो.

कारणे : मानवी त्वचेत सुमारे २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. एक ग्रॅम घामाचे बाष्पीभवन होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. त्वचा सतत ओली राहिल्यास तिचा शृंगस्तर (सर्वांत बाहेरचा मृत पेशींचा थर) फुगतो व नलिकांची तोंडे बंद होतात. अडलेला घाम नलिकेबाहेर झिरपून भोवतालच्या भागाचा दाह होतो. १९७८ मध्ये होल्ट्स्ले व क्लिगमन यांनी त्वचेवर प्लॅस्टिकचे आच्छादन बांधून हा विकार प्रयोगाने उत्पन्न केला. त्वचेवर नेहमी राहणारे जंतू ज्या प्रमाणात वाढले, त्या प्रमाणात घाम येणे कमी झाल्याचे त्यांना आढळले.

प्रकार व लक्षणे : अवरोध किती खोलवर आहे त्यानुसार तीन मुख्य प्रकार मानतात. (१) अवरोध शृंगस्तरात असल्यास दवबिंदूंसारखे स्वच्छ, सहज फुटणारे फोड येतात. त्यांना कंड नसते. नवजात अर्भकांत हा प्रकार पुष्कळदा दिसतो. (२) अवरोध बाह्यत्वचेत असल्यास लाल पुरळ, कंड व टोचल्यासारखी चुणचुण ही लक्षणे आढळतात. नेहमीचे घामोळे ते हेच. मान, पाठ, छाती, कंबर व काखा या भागांवर ते अधिक येते. (३) लाल घामोळे वारंवार झाल्यास अवरोध अंतस्त्वचेपर्यंत पोहोचून त्वचेच्या रंगाच्या, कंड नसलेल्या गाठी येतात. या प्रकारात घाम बाहेर पडत नाही. दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) उष्ण प्रदेशांतील सैनिकांत तो आढळला होता. कंड नसल्यामुळे तो निरुपद्रवी वाटला, तरी उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती घटल्याने थकवा, चक्कर व क्वचित उष्माघात संभवतो [→ उष्माघात].

उपचार : घाम येणे थांबविणे हाच मुख्य उपचार होय. रुग्णाने थंड, हवेशीर जागी राहावे, गार पाण्याने स्नान करून अंग हलकेच टिपून कोरडे करावे आणि सैल, पातळ सुती कपडे वापरावेत. पंख्याचा वारा उपयुक्त असतो. परंतु पाण्यावर चालणारा कूलर बंद खोलीत लावल्यास आर्द्रता वाढते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. कंड शमविण्यासाठी कॅलामाइन लोशन लावतात. दाह अधिक असल्यास वैद्यकीय सल्ल्याने सौम्य कॉर्टिकोस्टेरॉइड मलम थोडे दिवस वापरतात. तेल व दाट स्निग्ध मलमे यांनी नलिका अधिकच तुंबतात. पावडर घामाबरोबर कातडीच्या घड्यांत थापली जाते, शिवाय तिची धूळ अर्भकाच्या श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. लहान मुलांना उन्हाळ्यात कपड्यांत गुंडाळून ठेवू नये.

पुरळ बहुधा काही दिवसांत ओसरते. तथापि त्या जागी घाम येण्याचे कार्य पूर्ववत होण्यास दोन-तीन आठवडे लागू शकतात. कातडी स्वच्छ दिसू लागताच उन्हातील श्रमाची कामे पूर्ववत करणे म्हणूनच धोक्याचे ठरते. पू झाल्यास, ताप आल्यास किंवा घामोळे वाढत गेल्यास वैद्याचा सल्ला घ्यावा. उन्हात काम करणाऱ्याला भ्रम झाल्यास किंवा त्याच्या शरीराचे तापमान ४०° से. पर्यंत वा त्याहून अधिक चढल्यास त्याला तत्काळ थंड करून रुग्णालयात हलवावे.