भुताची साक्ष कोण नोंदवणार?

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने भुताखेताच्या कादंबऱ्या कशाला वाचायच्या, असे चळवळीतले अनेक कार्यकर्ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. तरीही टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ (१९८७) प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावी, असा आमचा आग्रह आहे.

गुलामीतून पळालेली सेथ, मालक दारात येताच, लेकरू पुन्हा गुलाम होऊ नये म्हणून आपल्या लहानग्या मुलीचा जीव घेते. अठरा वर्षांनी तीच मुलगी तरुणी होऊन घरी येते. मग आई, धाकटी बहीण आणि मेलेली मुलगी आळीपाळीने बोलतात. हे भूत कोंबडे-नारळ मागत नाही. ते हिशेब मागते.

मूळ घटना खरी आहे. १८५६ साली मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री केंटकीतून ओहायोत पळाली आणि पकडली जाताना तिने मुलीला मारले. वकील म्हणून आम्हाला हादरवते ते पुढचे. ओहायोत तिच्यावर खुनाचा खटला चालवण्याची मागणी झाली. पण पळालेल्या गुलामांच्या कायद्याखाली तिला मालकाच्या ताब्यात दिले गेले. खुनाचा आरोप ठेवायचा तर आधी तिला माणूस मानावे लागले असते! आणि त्या मुलीची जबानी कोणते कोर्ट घेणार होते? ती कादंबरीने घेतली.

आता आपल्या कोल्हापूरकडे या. गडहिंग्लज भागातल्या राजन गवसांनी ‘चौंडकं’मध्ये जोगतिणीचे जिणे मांडले. नरेंद्र जाधवांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’मध्ये (१९९३) बाप आणि लेकरे आपापल्या तोंडाने बोलतात. आम्हाला या दोन्ही वाटा जिथे मिळतात ती कादंबरी हवी आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुलीच्या घराची. आजी म्हणेल, डोक्यात जट आली, देवीने पोर मागितली. आई म्हणेल, त्या साली घरात दाणा नव्हता. धम्मदीक्षा घेतलेला भाऊ म्हणेल, सगळे थोतांड.

भावाचे बरोबरच आहे. २००५ चा देवदासी प्रथाबंदीचा कायदाही त्याच्याच बाजूने आहे. पण देव्हाऱ्याबरोबर त्याने आजीची गोष्टही उकिरड्यावर टाकली, तिथे आमचे भांडण आहे. सगळे साक्षीदार पाठ केल्यासारखे एकच बोलू लागले की न्यायाधीशालाही संशय येतो. आजीला तिच्या बोलीत सगळे सांगू द्या, देवी अंगात आली हेसुद्धा. उलटतपासणी नात घेईल. ती एवढेच विचारेल: देवीने मला मागितले, तेव्हा आपल्या दारात गावातले कोण कोण बसले होते?