यंदा वाणाऐवजी मुंबई!

मैत्रिणींनो, संक्रांत जवळ आली की आमच्या भिशीत एकच चर्चा. यंदा वाण काय लुटायचं? स्टीलच्या वाट्या, प्लॅस्टिकचे डबे... घरोघरी ढीग झालाय. यंदा मीच म्हटलं, "वाणाचे आणि भिशीचे पैसे एकत्र करू नि चार दिवस मुंबईला जाऊ. समुद्र बघू, चित्रं बघू, घारापुरीची लेणी बघू." क्षणभर सगळ्या गप्प. मग एकीनं विचारलं, "तिकडं काही काम आहे का?"

काम! आपल्याला मुंबई माहीत असते ती कामापुरतीच. कुणाचं लग्न, लेकीचं बाळंतपण, नाहीतर दवाखाना. आमच्या भिशीतल्या मावशी काकांच्या उपचारासाठी तीनदा जाऊन आल्या. समुद्र पाहिला तो टॅक्सीच्या काचेतून. "उतरावं वाटलं होतं गं, पण यांना एकटं सोडून कशी उतरू?" काका जाऊन दोन वर्षं झाली. आता मावशी म्हणतात, "विधवा बाई मजा मारायला निघाली, असं म्हणतील लोक."

लोक काय, म्हणणारच! आम्ही वही-पेन घेऊन बसलो.

जनशताब्दी २०२४ पासून हिंगोलीपर्यंत येते. पहाटे बसायचं, थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचं, मध्ये गाडी बदलायची भानगड नाही. खेड्यातल्या मैत्रिणींना हिंगोली गाठायला मार्च २०२३ पासून एसटीचं अर्धं तिकीट आहेच. मुक्कामाची खोली मात्र आधी पैसे भरून, पावती घेऊन पक्की करायची.

टर्मिनसपासून काळा घोडा चालत वीसेक मिनिटांवर. १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर कलादालनात तिकीट लागत नाही. शेजारीच जुनं वस्तुसंग्रहालय, १९२२ पासून लोकांसाठी खुलं. समोर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, ते सोमवारी बंद. जानेवारीअखेर-फेब्रुवारीत गेलं तर काळा घोडा महोत्सवही सापडतो, १९९९ पासून भरतोय. त्या दिवसांत हवाही बरी. दुपारचं ऊन लागतंच, तेव्हा टोपी किंवा स्कार्फ हवा.

"पण आपल्याला चित्रातलं काय कळतंय?" हा पुढचा प्रश्न. मी त्यांना बी. प्रभा यांच्याबद्दल सांगितलं. नागपूरजवळच्या बेला गावात १९३३ साली जन्मलेली ही मुलगी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकली आणि पुढे नावाजलेली चित्रकार झाली. तिनं रंगवलं काय? मासळीची टोपली घेतलेल्या कोळणी, कष्टकरी बाया. त्या चित्रातली बाई आपल्याला कळणार नाही, तर कुणाला कळणार?

आणि घारापुरी! गेटवेहून लाँचनं तासाभराचा रस्ता. इथंही सोमवारी सुट्टी, पावसाळ्यात बोटी बऱ्याचदा बंद. डोंगर कोरून केलेली सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीची शिवलेणी. वीसेक फुटांची त्रिमूर्ती, शिवपार्वतीचं लग्न, अर्धनारीश्वर, कैलास हलवणारा रावण. युनेस्कोनं १९८७ साली हा जागतिक वारसा ठरवला. औंढ्याला नागनाथाच्या देवळाभोवती फिरताना भिंतीवरच्या मूर्ती आपण लहानपणापासून बघतोय. ही ओळख तिथं कामाला येईल. फक्त खाऊची पिशवी उघडी ठेवायची नाही. माकडं हिसकावतात.

खर्च माणशी वाटला, भाकरी-चटणी कुणी आणायची ते ठरलं. मावशी मात्र काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, नाहीच येणार.

निघताना चपला घालता घालता त्यांनी हळूच विचारलं, "लेण्याला पायऱ्या किती आहेत गं?"

"शंभराच्या वर आहेत, मावशी."

"मग गुडघ्याचा पट्टा घेते बरोबर," म्हणाल्या आणि वहीत त्यांच्या नावापुढे मला शंभर रुपये लिहायला लावले.