आधी स्वारी ठरते, मग कारण

व्हिडीओ गेम म्हटले की डोळ्यांपुढे धडाधड गोळ्या झाडणारा खेळाडू येतो. पण काही खेळांत बंदूक दिसतच नाही, दिसतो तो नकाशा. खेळणारा एखाद्या राज्याचा कर्ताधर्ता असतो. कर लावतो, तह करतो, सैन्य उभे करतो आणि शेजाऱ्याचा मुलूख घशात घालतो. कॉलेजच्या मुलांत हे खेळ बरेच चालतात. आई-वडिलांना ते अभ्यासासारखे वाटतात, कारण पडद्यावर इतिहास-भूगोल असतो.

‘युरोपा युनिव्हर्सलिस ४’ हा स्टॉकहोमच्या पॅरॅडॉक्स इंटरॅक्टिव्ह कंपनीचा २०१३ सालचा खेळ. तो १४४४ सालापासून सुरू होतो. हवे तर बहामनी सुलतान होऊन दख्खनेतूनही खेळता येतो. त्यात विनाकारण युद्ध पुकारता येते, पण ते महाग पडते. राज्याची ‘स्थिरता’ उणे तीन ते अधिक तीन अशा पट्टीवर मोजतात आणि अशा युद्धाने ती एकदम दोन अंकांनी घसरते. म्हणून खेळाडू आधी शेजारच्या राज्यात हेर पेरतो आणि हव्या त्या प्रांतावर आपला हक्क असल्याचा दावा रचून घेतो. खेळातला शब्दच ‘फॅब्रिकेट’, म्हणजे बनावट रचणे. दुसऱ्या महायुद्धावरच्या ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’मध्ये तर युद्धाचे समर्थन तयार होण्यासाठी बटण दाबून काही दिवस थांबावे लागते.

यात अतिशयोक्ती फारशी नाही. ३१ ऑगस्ट १९३९ च्या रात्री जर्मनीच्या एसएसच्या माणसांनी पोलिश हल्लेखोरांचे सोंग घेऊन ग्लायवित्झ येथील आपल्याच रेडिओ केंद्रावर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी पहाटे जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरले. स्वारीची तयारी त्याआधीच झालेली होती. कारण तेवढे बाकी होते.

स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा (१९२५–२०२१) यांनी या वागण्याचा आयुष्यभर अभ्यास केला. माणसाला वाईट काम करताना आतून टोचणी लागते. ती टोचणी बंद ठेवण्याच्या आठ युक्त्या त्यांनी सांगितल्या. उदात्त कारण देणे ही पहिली. कृत्याला गोंडस नाव देणे, ‘वरून आदेश होता’ म्हणणे, परिणामांकडे न पाहणे, समोरच्याचे माणूसपण नाकारणे या आणखी काही. नकाशाच्या खेळात त्यातल्या बऱ्याच सापडतात. बळकावलेला प्रांत काही काळाने ‘कोअर’, म्हणजे आपला मूळ मुलूख होतो. मेलेली माणसे ‘मॅनपॉवर’ या आकड्यातून वजा होतात, आणि महिन्या-महिन्याने तो आकडा पुन्हा भरतो. आकडा वाढला म्हणून आपली कळकळ वाढत नाही, उलट ती बधिर होते, हे पॉल स्लोविक यांनी दाखवले आहे. एका बाळाच्या फोटोने डोळे भरून येतात, दहा हजारांच्या बातमीवरून आपण पान उलटतो.

मग हे खेळ मुलांना निष्ठुर करतात का? बाह्यरुग्ण विभागात पालक हा प्रश्न अनेकदा विचारतात. माझे उत्तर ‘तसे दिसत नाही’ असे आहे. ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि नेटा वाइनस्टाइन यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हिंसक खेळ आणि मुलांचे आक्रमक वागणे यांचा संबंध आढळला नाही, आणि वागणुकीची माहिती मुलांकडून नव्हे, पालकांकडून घेतली होती. अमेरिकेत मॅथ्यू ग्रिझर्ड यांच्या २०१४ च्या प्रयोगात तर खेळात दुष्कृत्य करणाऱ्यांना अपराधी वाटले. याच कंपनीच्या ‘क्रुसेडर किंग्ज ३’मध्ये हीच गोष्ट नियम म्हणून आहे: दयाळू स्वभावाच्या राजाने कुणाला सुळावर चढवले की त्याचा ‘ताण’ वाढतो, आणि तो साठत गेला की राजा मनाने कोसळतो. आमच्या पाठ्यपुस्तकांनीही हे इतक्या सोप्या रीतीने सांगितलेले नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. या खेळांना दिवस संपल्याची शिट्टी नाही. ‘एवढे युद्ध संपवतो आणि झोपतो’ म्हणता म्हणता पहाटेचे तीन वाजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान होत असूनही तो चालूच राहणे ही त्याची लक्षणे. साधारण बारा महिने ती टिकली आणि घर, शिक्षण किंवा नोकरीचे खरे नुकसान झाले, तरच निदान करतात. सुट्टीत दिवसभर खेळणारा मुलगा रोगी नव्हे.

तेव्हा मोबाइल हिसकावण्याआधी मुलाशेजारी दहा मिनिटे बसा. ‘कुणाशी लढतोयस?’ एवढे विचारून थांबू नका. ‘कारण काय दिलेस?’ हेही विचारा. मुले हसत हसत खरे सांगतात: कारण काही नव्हते, बंदर हवे होते. शनिवारच्या बातम्या एकत्र पाहताना मग त्याच मुलाचे प्रश्न ऐका. झोप, जेवण आणि हजेरी बिघडली असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.