रॉली टॅव्हर्न
रॉली टॅव्हर्न : फाय बीटा कॅपा या अमेरिकन महाविद्यालयीन संघाचे परंपरेने मानले गेलेले जन्मस्थान. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्हर्जिनिया राज्यात, विल्यम्झबर्ग येथे ही पांथस्थांची खानावळ सु. १७१७ पासून चालत होती. गव्हर्नरने विधिमंडळ बरखास्त केल्यावर १७६९ व १७७४ मध्ये त्याचे सदस्य तिच्या ‘अपोलो’ दालनात जमले व ब्रिटिश मालावरील बहिष्काराचे निर्णय त्यांनी तेथे घेतले. ५ डिसेंबर १७७६ रोजी विल्यम अँड मेरी महाविद्यालयातील पाच विद्यार्थ्यांनी फाय बीटा कॅपाची स्थापना केली. ग्रीक अक्षरांचे नाव धारण करणारा हा पहिला विद्यार्थिसंघ. त्याची गुप्त शपथ व खुणा पुढील बंधुसंघांनी उचलल्या. तो स्वतः मात्र एकोणिसाव्या शतकात गुप्तता टाकून विद्वत्तेचा गौरव करणारी संस्था बनला.

डिसेंबर १८५९ मध्ये ही वास्तू जळाली आणि त्या जागी दुकाने उभी राहिली. तिच्या पुनरुत्थानाचे मूळही याच संघात सापडते. १९२४ मध्ये न्यूयॉर्क येथे संघाच्या भोजनप्रसंगी धर्मोपदेशक डब्ल्यू. ए. आर. गुडविन यांची जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्याशी भेट झाली. १९२६ मध्ये महाविद्यालयातील संघाच्या स्मारक-सभागृहाच्या उद्‌घाटनास रॉकफेलर विल्यम्झबर्गला आले व जुन्या शहराच्या जीर्णोद्धाराचा खर्च त्यांनी पत्करला. (ते सभागृहही १९५३ मध्ये आगीत सापडले.)

टॅव्हर्नची बांधणी पेरी, शॉ व हेपबर्न या वास्तुशिल्पी संस्थेने केली. उत्खननात जुना पाया मिळाला, त्यावरून तळमजल्याचा आराखडा ठरला. बेन्सन लॉसिंग याने १८४८ मध्ये काढलेल्या चित्रांवरून दर्शनी भाग, दारावरील सर वॉल्टर रॉलीचा अर्धपुतळा आणि अपोलो दालन यांची कल्पना आली. फर्निचर व भांडीकुंडी यांसाठी जुन्या मालकांच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या याद्या उपयोगी पडल्या. सप्टेंबर १९३२ मध्ये टॅव्हर्न लोकांस खुली झाली.

तथापि हे जतन नव्हे, पुनर्निर्मिती होय. याच शहरातील महाविद्यालयाची रेन इमारत अनेकदा जळाली, पण तिच्या मूळ भिंती टिकल्या. त्यामुळे १९२८–३१ मधील तिच्या कामास जीर्णोद्धार म्हणणे योग्य ठरते. टॅव्हर्नच्या बाबतीत जमिनीवरचे काहीच शिल्लक नव्हते. जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असे १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटले आहे. या कसोटीवर टॅव्हर्न उतरत नाही. आणि लॉसिंगचे चित्र तर संघाच्या स्थापनेनंतर सु. सात दशकांनी काढलेले आहे. संशोधनानुसार अशी वास्तू बदलावी लागते : २०१६ च्या सुमारास नवे उत्खनन झाल्यावर तिच्या दर्शनी बाजूस पडवी बांधण्यात आली.

वगळलेल्या गोष्टींचा प्रश्न याहून गंभीर आहे. टॅव्हर्नचे स्वयंपाकघर व तबेले गुलामांच्या श्रमांवर चालत. मालमत्तेच्या ज्या याद्यांवरून खुर्च्या-मेजे निवडली गेली, त्यांत माणसेही किमतीसह नोंदलेली असत. टॅव्हर्नच्या पायऱ्यांसमोर गुलामांचे लिलाव होत. अठराव्या शतकात शहरातील निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची होती. तरीही प्रेक्षकांस दिल्या जाणाऱ्या माहितीत दीर्घकाळ विधिमंडळाचे सदस्य व विद्यार्थीच होते. गुलामांच्या जीवनाचे पद्धतशीर दर्शन १९७९ नंतर घडविले जाऊ लागले.